कापसाचा भरवसा नाही, मग तिकिटं कोणत्या भरवशावर काढायची?

दारव्ह्याची सून

नमस्कार मंडळी. फिरायला जायचं बुकिंग नेमकं किती आधी करावं? प्रश्न साधा आहे, पण आमच्या घरी त्यावरून रोज संध्याकाळी सभा भरून राहिली.

जायचं तिरुपतीला. माणसं सहा. सासरे 68 चे, सासूबाई 63 च्या, आम्ही दोघं, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, नऊ वर्षांचा. सासऱ्यांचा नवस आहे, कशाचा ते विचारायची आमच्यात सोय नाही. पुण्याचे दीर फोनवर सांगतात, "वहिनी, तीन महिने आधी सगळं बुक करून मोकळ्या व्हा, स्वस्तात पडतं." त्यांचं बरोबर असेल. त्यांची जानेवारीची रजा दिवाळीच्या आधीच मंजूर होते. आमच्या रजेवर सही पावसाची.

यंदाचं, 2025 चं, तर तुम्ही पाहूनच राहिले. सोयाबीन सोंगणीला आलं अन् वरून पाणी. कापसाची पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे होईल, दुसरी डिसेंबरात. मग फरदड ठेवायची, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस घ्यायचा, का पऱ्हाट्या उपटायच्या, ते भाव पाहून. त्यातच तूर सोंगायची, मळायची. हरभरा हाती येईपर्यंत मध्ये एक फट सापडते, जानेवारी सरता सरता ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. तीही वेचायला बाया वेळेवर मिळाल्या तर. गेल्या हंगामात आमच्या गावच्या बाया सकाळीच ॲपेत बसून दुसऱ्या गावाला जायच्या, तिथं किलोमागे जास्त मिळत होते. आम्ही धुऱ्यावर उभे.

शिवाय घर सोडायचं म्हणजे नुसतं कुलूप लावणं नाही. गाय दुभती आहे. बैलजोडी आहे. रात्री हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, अन् डुकरं येतात, जागलीला कोणी तरी लागतं. सालगडी आम्ही ठेवत नाही, तेवढं शेतच नाही. चुलत सासरे म्हणतात मी बघतो, पण तारीख सांग. तारीख मी कुठून सांगू? अन् पैशाचं म्हणाल तर कापूस विकून चुकारा खात्यात पडेपर्यंत हात आखडताच.

तालुक्याच्या एका टूरवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणे, निम्मे पैसे आजच भरा, तारीख बदलली तर परत मिळणार नाहीत. मी पिशवी उचलली अन् घरी आले.

तर ज्यांचं घर शेतीवर आहे त्यांनी सांगा. आधी काय बुक करायचं, काय थांबवून ठेवायचं, अन् ऐनवेळी वेचणी लांबली तर किती पैसे पाण्यात जातील? "लवकर केलेलं बरं" एवढंच लिहू नका, ते दीर सांगतातच.

ऑनलाइनवाला, कारंजा

ताई, मी कारंजात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. सातबारा, पीक विमा, रेल्वेची तिकिटं, सगळं. दिरांना सांगा, सगळं तीन महिने आधी बुक करायचं म्हटलं तरी होत नाही. रेल्वेचं तिकीट 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी 120 दिवस होते, 1 नोव्हेंबर 2024 पासून निम्मे केले. अजून माझ्याकडे मार्चमध्ये लोक येतात अन् जूनचं तिकीट मागतात.

तिरुपतीच्या दर्शनाचं मात्र उलटं आहे. 300 रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन देवस्थान तीनेक महिने आधी सोडतं. साधारण दर महिन्याच्या 24 तारखेला सकाळी 10 वाजता, पुढच्या तिसऱ्या महिन्याचं. म्हणजे फेब्रुवारीचं दर्शन नोव्हेंबरच्या शेवटी निघेल अन् फेब्रुवारीची गाडी डिसेंबरात. देव आधी, गाडी नंतर. लोक उलट करतात. गाडीचं तिकीट हातात घेऊन दर्शन शोधतात, तोवर ते संपलेलं असतं. मग तिरुपतीत पोचून मोफत दर्शनाच्या टोकनच्या रांगेत उभं राहायचं. तसंही दर्शन होतंच, पण 68 वर्षांच्या माणसाला घेऊन ते करू नये असं माझं मत.

जानेवारीचा विचार सोडाच. यंदा (2025) वैकुंठ एकादशी 30 डिसेंबरला आहे, वैकुंठद्वार 8 जानेवारीपर्यंत उघडं असतं. त्या दहा दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते. मग संक्रांत. मग 25 जानेवारीला रथसप्तमी, रविवार, अन् लागून 26 ची सुट्टी. म्हणून फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा. तुमची फटही तिथंच पडते.

आता तारखा लावून पाहू. आपल्याकडून सरळ जाणारी अमरावती-तिरुपती आहे, अकोला, वाशिम, नांदेडवरून. रोज नाही, आठवड्यातून दोनच दिवस, म्हणून वार पाहूनच ठरवा. समजा 2 फेब्रुवारी, सोमवारची गाडी वाशिमला धरली. दुसऱ्या दिवशी तिरुपती, एक मुक्काम, 4 तारखेला बुधवारी दर्शन. शनिवार-रविवार टाळला म्हणजे निम्मी गर्दी टळली. 2 फेब्रुवारीचं तिकीट उघडेल 4 डिसेंबरला सकाळी 8 वाजता. प्रवासाचा दिवस सोडून 60 मोजायचे.

माझं म्हणणं असं की हे 60 दिवस आपल्या सोयीचे आहेत. 120 दिवस असते तर हेच तिकीट 5 ऑक्टोबरला काढावं लागलं असतं. तेव्हा धड बोंडंही फुटलेली नसतात. 4 डिसेंबरला तुमची पहिली वेचणी घरात आलेली असते, एकरी किती उतरेल ते कळलेलं असतं, बाया मिळून राहिल्या का नाही तेही कळलेलं असतं. शहरातल्या लोकांनी 60 दिवसांवरून बोंब मारली. शेतकऱ्यानं मारायचं काही कारण नाही.

फक्त एक करा. आता बुकिंग उघडलं की सुरुवातीला आधार जोडलेल्या खात्यालाच ऑनलाइन तिकीट मिळतं. मी एजंट आयडीवाला, मला पहिली दहा मिनिटं तसंही बुकिंग करता येत नाही. म्हणून रेल्वेच्या साईटवर भाऊजींच्या नावानं खातं उघडून आधार आत्ताच जोडून घ्या. मोबाईल नंबर आधारला लागलेला आहे का ते आधी पाहा, निम्मे लोक इथंच अडकतात. मुलाच्या जुन्या सिमवर ओटीपी जातो अन् ते सिम पोळ्यापासून बंद.

निवृत्त बुकिंग क्लार्क, बडनेरा

वरच्यांनी चांगलं सांगितलं. दोन-तीन गोष्टी जोडतो, कारण खिडकीच्या आत बसून हेच भांडण आयुष्यभर पाहिलं.

एका तिकिटावर सहा नावं बसतात म्हणून सगळे सहाचं एकच तिकीट काढतात अन् मग गाडीत सासूबाईंना मधला बर्थ. ज्येष्ठांचा लोअर बर्थचा कोटा वेगळा असतो, तो एकट्या किंवा दोघांच्या तिकिटालाच लागतो. तुमच्या सासू-सासऱ्यांचं तिकीट दोघांचं वेगळं काढा अन् कोटा निवडताना ज्येष्ठ नागरिक हाच निवडा. बाकी चौघांचं वेगळं. डबा एकच येईल याची खात्री नाही. पण रात्रभर शेजारी बसण्यापेक्षा खालचा बर्थ मोलाचा. जेवणाचा डबा मुलगी नेऊन देईल. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, तिची वाट पाहू नका.

दुसरं, 60 दिवस हे गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. अमरावतीची गाडी त्याच दिवशी वाशिमला येते, म्हणून तुम्हाला फरक नाही. पण नवजीवनसारखी गाडी अहमदाबादहून आदल्या रात्री निघून वर्ध्याला दुसऱ्या दिवशी येते. तिथं वर्ध्याहून बसणाऱ्याचं बुकिंग एक दिवस आधी उघडतं. हे माहीत नसलेला माणूस सकाळी 8 ला ऐटीत बसतो अन् वेटिंग पाहून रेल्वेला शिव्या देतो.

वेटिंगचं तिकीट ऑनलाइन काढलं अन् चार्टपर्यंत पक्कं झालं नाही तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. चार्ट आता पुष्कळ तास आधी लागतो. सकाळच्या गाडीचा आदल्या रात्रीच. गावातल्या माणसाला याचा फार उपयोग. पहाटे वाशिमला न्यायला गाडी सांगायची का नाही, ते रात्रीच कळतं.

वऱ्हाडी बुढा

बाप्पा बाप्पा! देवाले जायाले येवढा हिशोब? आमी तं जनरलच्या डब्यात पोतं टाकून जात होतो. दारव्ह्याची शकुंतला आगगाडी होती तवा गाडी चालता चालता उतरून बोरं तोडून परत चढत होतो. आता थे रूळ बी गवतात गेले.

पण सूनबाई, तू इचारलं ते खरं इचारलं. तिकीट काढाले ऑनलाइनवाला आहे, गाय दोहाले ऑनलाइनवाला नाही. आधी माणूस बुक कर! तुह्या चुलत सासऱ्याले आताच सांग का फेब्रुवारीचा पयला हप्ता, मागं पुढं चार दिवस. पक्की तारीख पायजेच कायले त्याले? अन् जायाच्या आठ दिवस आधीपासून त्याले सकाळ-संध्याकाळ गोठ्यात आण. तू दोहत असताना त्याले वासरू सोडू दे, बांधू दे, ढेप त्याच्याच हातानं घाल. मग त्याले दोहू दे अन् तू नुसती उभी राह्य. नाहीतं नवा हात लागला का गाय पान्हा चोरते. चार दिवस दूध चोरलं का आटते, मंग तिरुपतीहून येऊन कितीबी सरकी चार, पयल्यासारखं दूध येत नाही.

जागलीले पोट्टे भेटतात. पोट्ट्यायले पैसे देऊ नको, आल्यावर लाडू दे अन् पार्टी दे. पैसे घेतले का झोपतात.

आन् तिरुपती नाहीच जमलं तं शेगाव कुठं पळून चाललं? लालपरीत बस. 75 च्या वरचे फुकट, 65 च्या वर अर्धं, बायायले अर्धं. तुह्या घरात तं पूर्ण तिकीट लागनारा येकच.

गुरुजी, घाटंजी

आजोबा, शेवटचं वाक्य लाखाचं. (मुलगा नऊ वर्षांचा, त्याचंही अर्धंच. म्हणजे पूर्ण तिकीट खरंच एकट्या भाऊजींचं.)

आम्ही पगारवाले असल्यामुळं माझा सल्ला ताईंना फारसा लागू नाही. आमचं आयुष्य उन्हाळ्याच्या सुट्टीभोवती फिरतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, यंदा 23 जूनला उघडल्या. त्यामुळं जूनचा एक आठवडा आम्हाला जास्तीचा मिळाला, पुण्या-मुंबईची गर्दी तेव्हा परतलेली असते. शेतकऱ्याला मात्र तेव्हा मृग लागलेला असतो, घर सोडायचं नावच काढता येत नाही. बायकोचे माहेरचे शेतकरी, त्यांना घेऊन जायचं ठरलं की आमची जूनची सगळी हुशारी फुकट.

दिवाळीत येणाऱ्या दिरांना एक निरोप द्या. वहिनींना सल्ला देण्यापूर्वी स्वतःचं पुण्याहून यायचं तिकीट काढलं का? दिवाळीच्या तोंडावर खासगी ट्रॅव्हल्सचे दर कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही असा सरकारचा 2018 चा निर्णय आहे. तो निर्णय गाडीच्या दारात उभं राहून वाचून दाखवा अन् काय होतं ते मला कळवा.

दारव्ह्याची सून

सगळ्यांचे आभार. आजोबा, गाईचं तुम्ही बोललात तेव्हा सासूबाई मागून वाचत होत्या. म्हणाल्या, "या माणसाला काही तरी समजते, बाकीचे नुसते तिकीट तिकीट करून राहिले." ऑनलाइनवाले भाऊ, रागावू नका.

दीर ट्रॅव्हल्सनं येतात, अन् तिकीट काढलेलं नाही. मी विचारलं. सध्या त्यांचा फोन येत नाही.

आता मुख्य शंका. 4 डिसेंबरला तिकीट काढलं अन् जानेवारीच्या शेवटी कळलं की तूर मळायची राहिली, किंवा अवकाळी पडला, जाताच येत नाही. मग किती जातील? मला आकडा सांगा, कारण घरात आकडा सांगितल्याशिवाय हे हलत नाहीत. अन् खोलीचं काय, तीही आत्ताच घ्यायची का?

अजून एक, सासऱ्यांसाठी ज्येष्ठांचं मोफत दर्शन असतं म्हणतात, ते घ्यावं का?

ऑनलाइनवाला, कारंजा

रागवत नाही ताई. गाईचं मलाही माहीत नव्हतं.

आकडा घ्या, 2025 च्या नियमानं. स्लीपरचं पक्कं तिकीट गाडी सुटायच्या 48 तास आधी रद्द केलं तर माणशी 120 रुपये कापतात. नऊ वर्षांच्या मुलाला बर्थ घेतला की त्याचंही पूर्ण तिकीट, म्हणून सहा माणसं. सहाचे 720, येतानाचंही काढलेलं असेल तर 1440. दर्शनाचं तिकीट मात्र रद्दही होत नाही अन् तारीखही बदलत नाही. 12 वर्षांच्या आतल्या मुलाला आईवडिलांसोबत तिकीट लागत नाही, म्हणून पाच जणांचे 1500. एकूण 2940. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदा (2025-26) क्विंटलला 8110 आहे. म्हणजे सगळं बुडालं तरी अर्ध्या क्विंटलच्या आत. भाऊजींना असंच सांगा.

याच नियमानं 48 तासांच्या आत आलात तर भाड्याच्या 25 टक्के कापतात, 12 तासांच्या आत निम्मे, अन् चार तासही उरले नसतील तर काहीच परत नाही. म्हणून 31 जानेवारीला सकाळी, गाडीच्या वेळेच्या आधी, घरात बसून ठरवा. जायचं तर जायचं, नाहीतर तेव्हाच रद्द. "उद्या पाहू" म्हटलं की 720 चे कितीतरी जास्त होतात. अन् पक्कं तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक रुपया मिळत नाही. तुमच्यासारख्यांनी तत्काळवर भिस्त ठेवू नये. सहा जणांना, त्यात दोन म्हातारे, एक दिवस आधी सकाळी 11 ला स्लीपर मिळवणं माझ्या नेटवर तरी होत नाही.

खोलीला घाई नको. देवस्थानच्या खोल्याही त्याच 24 तारखेच्या सुमारास सुटतात, डोंगरावर मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर खाली तिरुपतीत लॉज पुष्कळ आहेत. तिथं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात फोन करा, किंवा फुकट रद्द होणारी खोली घ्या. ॲडव्हान्स मागणाऱ्याला हात जोडा. वाशिमला न्यायची गाडीही तशीच. गावातला क्रूझरवाला असेल, त्याला तोंडी सांगून ठेवा. तो पैसे मागणार नाही अन् विसरणारही नाही, कारण परतीच्या वाटेवर त्याला मंगरूळपीरहून सवारी भेटते.

ज्येष्ठांचं मोफत दर्शन 65 च्या वरच्यांना आहे. सासरे वयात बसतात. त्यांची वेळ वेगळी, रांग वेगळी. माझं मत, ताटातूट करू नका. तेलुगू बोलणाऱ्या गर्दीत म्हातारे एका दाराला अन् तुम्ही दुसऱ्या दाराला, मग मोबाईल आत नेता येत नाही. पाचही जणांचं 300 वालं एकत्र काढा.

साईट मात्र देवस्थानची अधिकृत पाहूनच उघडा, नावासारख्या नकली साईटी आहेत अन् त्या पैसे लगेच घेतात. सगळ्यांचे मूळ आधार कार्ड सोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही. भाऊजींना धोतर किंवा कुर्ता-पायजमा लागेल, मुलीला चुडीदार असेल तर ओढणी हवीच.

दारव्ह्याची सून

2940 सांगितले. हे म्हणाले, "एवढंच का?" अन् उठून गोठ्यात गेले. होकार समजायचा.

मग नोव्हेंबरच्या 24 ला तुमच्या दुकानात येऊ का? दर्शनाचं तुमच्या मशीनवरच काढून द्या. आमच्या गावात सकाळी 10 ला लाईन नसते.

ऑनलाइनवाला, कारंजा

या, पण 23 ला रात्री एकदा फोन करून तारीख पक्की विचारून घ्या, कधी कधी एखादा दिवस पुढंमागं होतं. साडेनऊलाच या. येताना सगळ्यांची आधार कार्डं अन् भाऊजींचा मोबाईल आणा, अन् तो चार्ज करून. सासऱ्यांचं नाव आधारवर जसं छापलं आहे तसंच टाकावं लागतं, घरी काय म्हणता ते नाही. आधार जोडायचं काम मात्र नोव्हेंबरपर्यंत ठेवू नका, या हप्त्यातच आटपा.